चाळिशीनंतर पुन्हा विद्यार्थी: अमेरिकेत लिबरल स्टडीजच्या एम.ए.साठी अर्ज करताना

माझी टी.वाय.बी.कॉम.ची मार्कशीट साताऱ्याला आईच्या गोदरेजच्या कपाटात होती, रेशनकार्डाच्या पिशवीत. न्यू जर्सीतून धाकट्या भावाला फोन केला तर तो म्हणाला, “ताई, तुला आता कोण मार्क विचारतंय?”

“विचारतायत रे. तिन्ही वर्षांच्या लागतील. एस.वाय.च्या दोन आहेत, दोन्ही पाठव.”

“दोन कशा?”

“एक एटीकेटीची.”

तेव्हा मी छेचाळीस वर्षांची होते. गृहकर्जाच्या खात्यांचे हिशेब तपासणं ही वीस वर्षांची नोकरी, मुलगी कॉलेजात, आणि मला एम.ए. करायचं होतं. एम.बी.ए. नव्हे, डेटा सायन्स नव्हे. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान, थोडं अर्थशास्त्र, सगळं एकत्र. ओळखीतल्या निम्म्या लोकांनी “त्याचा उपयोग काय?” असं विचारलं, उरलेल्यांनी विचारलं नाही पण चेहऱ्यावर तेच होतं. अर्ज करताना जे कळलं, जे चुकलं आणि नंतर इतर मराठी मंडळींचे अर्ज वाचताना जे पुन्हा पुन्हा दिसलं, ते इथे लिहिते आहे.

ही पदवी नक्की कशाची

अमेरिकेत मास्टर ऑफ आर्ट्स इन लिबरल स्टडीज किंवा मास्टर ऑफ लिबरल आर्ट्स या नावाने ती मिळते. इथे ‘लिबरल’चा राजकारणाशी संबंध नाही. एका विषयाच्या कुंपणात न अडकता अनेक विद्याशाखांतून एखादी गोष्ट समजून घेणं, एवढाच अर्थ. सुरुवात कनेटिकटमधल्या वेस्लियन विद्यापीठाने १९५३ साली केली आणि तिथले सुरुवातीचे विद्यार्थी बरेचसे शाळाशिक्षक होते. जॉन्स हॉपकिन्सने १९६२ साली, सेंट जॉन्स कॉलेजने १९६७ साली, डार्टमथने १९७० साली असे अभ्यासक्रम काढले. १९७५ साली या सगळ्यांची एक संघटनाही झाली. म्हणजे नोकरी करणाऱ्या, पोरंबाळं असणाऱ्या, केस पिकलेल्या विद्यार्थ्यांसाठीच हे घडवलं गेलं. वर्गात तुम्ही सगळ्यांत मोठे असाल ही भीती इथे फोल आहे. माझ्या पहिल्या वर्गात एक निवृत्त परिचारिका होत्या, एक अग्निशमन दलातले गृहस्थ होते आणि मी मधल्या वयाची ठरले.

ही पदवी कोणी घेऊ नये हेही सांगते. पगार वाढावा म्हणून घेणार असाल तर दुसरं काही शिका. पुढे एखाद्या विषयात पीएच.डी. करायची असेल तर त्या विषयाचंच एम.ए. बरं, कारण पीएच.डी.च्या प्रवेशसमितीला खोली हवी असते. आणि भारतात परत जाऊन प्राध्यापक व्हायचा बेत असेल तर तिथे या पदवीला समकक्षता मिळते का ते आणि नेट या प्राध्यापकांच्या पात्रता परीक्षेच्या विषयांची यादी आधी तपासा. ‘लिबरल स्टडीज’ हे नाव तिथे तुम्हाला अडवेल.

कागद आजच मागवायला घ्या

कुठलं विद्यापीठ, काय शिकायचं, हे ठरायच्या आधी हे काम सुरू करा. बाकी सगळं तुमच्या हातात आहे, हे नाही.

अमेरिकन विद्यापीठाला दोन गोष्टी लागतात: तुमच्या भारतीय विद्यापीठाने दिलेलं ट्रान्सस्क्रिप्ट आणि बऱ्याचदा त्याचं मूल्यांकन, म्हणजे आपली पदवी आणि गुण अमेरिकन मोजपट्टीवर कुठे बसतात याचा अहवाल. ट्रान्सस्क्रिप्ट म्हणजे मार्कशीटची झेरॉक्स नव्हे. विद्यापीठाच्या परीक्षा विभागाने तयार केलेला, सही-शिक्क्याचा, बंद पाकिटातला कागद. पाकिटाच्या जोडावर शिक्का असतो आणि ते तुम्ही फोडलंत की त्याची किंमत शून्य. मुंबई विद्यापीठाचं हे काम कलिन्याच्या परीक्षाभवनातून चालतं, पुण्याचं गणेशखिंडीतून. कॉलेजात नव्हे, विद्यापीठात अर्ज करायचा असतो, ही चूक पुष्कळ जण करतात.

मूल्यांकन करणाऱ्या संस्थांपैकी आपल्या लोकांना डब्ल्यू.ई.एस. (वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस) सर्वांत माहीत आहे. तशा आणखीही आहेत आणि त्यांतल्या भरवशाच्या संस्था एन.ए.सी.ई.एस. या संघटनेच्या सदस्य असतात. आधी तुमच्या विद्यापीठाच्या प्रवेशकचेरीला ईमेल करून विचारा: मूल्यांकन लागतं का, कोणत्या संस्थेचं चालतं, आणि कोणत्या प्रकारचं. काही विद्यापीठं स्वतःच्या घरातच मूल्यांकन करतात, तिथे तुमचे पैसे वाचतात. प्रकार मुख्यतः दोन. एकात फक्त पदवी कशाच्या बरोबरीची ते सांगतात, दुसऱ्यात प्रत्येक विषयाचं क्रेडिट (अभ्यासाचं एकक) आणि ग्रेड काढून जी.पी.ए., म्हणजे ग्रेडची सरासरी, देतात. एम.ए.च्या अर्जाला बहुधा दुसराच लागतो.

क्रम असा ठेवा. मूल्यांकन संस्थेच्या संकेतस्थळावर खातं उघडा, संदर्भ क्रमांक घ्या, मग तो क्रमांक घालून विद्यापीठाकडे अर्ज करा. उलटं केलंत तर तुमचं पाकीट तिथे बेवारस पडून राहतं.

आता तीन वर्षांच्या पदवीचं दुखणं. अमेरिकन बॅचलर्स चार वर्षांची, आपली बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. तीन वर्षांची. त्यामुळे सगळीकडे दार बंद होतं असं नाही. काही मूल्यांकन संस्था कॉलेजचं किंवा विद्यापीठाचं नॅक मानांकन आणि तुमचा वर्ग बघून तीन वर्षांची पदवीही पूर्ण बॅचलर्सच्या बरोबरीची धरतात. त्यावर एम.कॉम. किंवा सी.ए. झालं असेल तर तेही कागद जोडा, अर्धवट ठेवू नका. ‘त्याचा काय संबंध’ म्हणून माझ्या एका मैत्रिणीने एम.कॉम. लपवलं आणि मग तीन वर्षांच्या पदवीवर अडून बसली.

टक्क्यांची लाज सोडून द्या. आपल्याकडे ५५ टक्के म्हणजे बऱ्यापैकी सेकंड क्लास, अमेरिकन वाचकाच्या डोळ्यांना ते नापास दिसतात. म्हणून तर मूल्यांकन करून घ्यायचं. भारतीय मोजपट्टीवर साठच्या पुढचे गुण ‘ए’च्या घरात जातात हे मला स्वतःचा अहवाल हातात आल्यावर कळलं आणि पंचवीस वर्षांनी मी हुशार झाले.

नावाची भानगड

हा भाग खास बायकांसाठी, आणि इथे माझीच चूक झाली. मूल्यांकनाचं खातं मी पासपोर्टवरच्या नावाने, म्हणजे लग्नानंतरच्या नावाने उघडलं. मार्कशीटवर माहेरचं नाव, तेही आडनाव आधी, मग माझं, मग वडिलांचं. शिवाय लग्नानंतर माझं पहिलं नावही बदललेलं. तिथल्या कर्मचाऱ्याला या दोन वेगळ्या बाया वाटल्या तर त्याचा दोष नाही. दीड महिना गेला.

तुम्ही असं करा. खातं उघडताना ‘पूर्वीचं नाव’ असा रकाना असतो, तो भराच. विवाह नोंदणी प्रमाणपत्र तयार ठेवा. ते मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या. नाव राजपत्रात बदललं असेल तर त्या पानाची प्रत जोडा. काही विद्यापीठांच्या मार्कशीटवर आईचंही नाव शेवटी छापतात, ते तुमचं आडनाव समजलं जाऊ शकतं. सोबत तीन ओळींचं पत्र द्या: या कागदावर पहिला शब्द आडनाव आहे, दुसरा माझं नाव, तिसरा वडिलांचं. एवढ्याने काम होतं.

इंग्रजीच्या परीक्षेचं म्हणाल तर पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असेल तर टोफेलमधून सूट मिळण्याची शक्यता बरीच असते. तसं कॉलेजचं पत्र मागवून घ्या. जी.आर.ई. ही प्रवेशपरीक्षा या अभ्यासक्रमांना बहुतेक ठिकाणी मागतच नाहीत.

कागद येईपर्यंत: तुमचा प्रश्न कोणता

सगळ्या अर्जाचा गाभा हा आहे. तुम्ही किती वाचलंय हे समितीला महत्त्वाचं नसतं, तुम्हाला काय खुपतंय ते महत्त्वाचं असतं. आणि तो प्रश्न असा हवा, की जो विद्यापीठातल्या एका विषयाच्या खात्यात मावत नाही. मावत असेल तर ते म्हणतील, त्या खात्यात जा.

माझं सांगते. माझं काम कर्जाच्या नोंदी तपासण्याचं. २०१० साली अमेरिकेत उघड झालं की घरं जप्त करण्याची हजारो कागदपत्रं न वाचताच सह्या करून कोर्टात गेली होती. तेव्हा ऑफिसात जो गोंधळ झाला त्यात मला सारखी आठवण येत होती ती सुप्याची. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात १२ मे १८७५ रोजी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं-घरं गाठली आणि खतं, चोपड्या, दस्तऐवज बाहेर काढून जाळले. त्यातूनच पुढे १८७९चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. आणि त्याच्याही मागे जा, तर तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं परंपरा सांगते. कर्ज कागदावर असतं की माणसात? चोपडी जाळली की माणूस मोकळा होतो, असं का वाटतं? हा प्रश्न इतिहासाचा आहे, कायद्याचा आहे, अर्थशास्त्राचा आहे, भक्तिसाहित्याचाही आहे. माझ्याकडे वीस वर्षांचा चोपड्यांचा अनुभव होता. हे जुळलं आणि माझा अर्ज उभा राहिला.

तुमचा प्रश्न शोधायला एक सोपी युक्ती. महिनाभर एक वही जवळ ठेवा आणि कामाच्या ठिकाणी, घरात, बातम्या बघताना ज्या गोष्टीवर तुम्ही गरजेपेक्षा जास्त वेळ बोललात ती लिहून ठेवा. गरजेपेक्षा जास्त, हे महत्त्वाचं. महिनाअखेरीस तीन-चार गोष्टी पुन्हा पुन्हा आलेल्या दिसतील. एक परिचित रेडिओलॉजी विभागात आहेत, त्यांच्या वहीत सारखं ‘आजार दिसणं आणि आजार वाटणं’ असं येत होतं. एक बाई इथल्या मराठी शाळेत रविवारी शिकवतात, त्यांचं सगळं ‘मुलं मराठीत खोटं का बोलत नाहीत’ यापाशी येऊन थांबायचं. दोन्ही उत्तम प्रश्न आहेत. ‘मला भारतीय संस्कृतीचा अभ्यास करायचा आहे’ हा प्रश्न नाही.

अर्ज कुठे करायचा

प्रश्न हातात आला की विद्यापीठं निवडणं सोपं होतं. या अभ्यासक्रमांची नावं सारखी असली तरी घडण अगदी वेगवेगळी आहे.

सेंट जॉन्स कॉलेज, मेरीलँडमधलं अॅनापोलिस आणि न्यू मेक्सिकोमधलं सांता फे अशा दोन ठिकाणी. तिथे व्याख्यान नाही, पाठ्यपुस्तक नाही. मूळ ग्रंथ वाचायचे आणि टेबलाभोवती बसून बोलायचं. शिकवणाऱ्यांना प्रोफेसर न म्हणता ट्यूटर म्हणतात. तत्त्वज्ञान-धर्म, राज्य-समाज, साहित्य, गणित-विज्ञान आणि इतिहास अशा पाच भागांपैकी चार पूर्ण केले की पदवी. दुरून, ऑनलाइन करायचीही सोय आहे. सांता फेला पौर्वात्य अभिजात ग्रंथांचं वेगळं एम.ए. आहे आणि त्यात संस्कृत किंवा अभिजात चिनी शिकावी लागते. शाळेत संस्कृतला शंभरपैकी नव्वद पाडून मग सगळं विसरलेल्या आपल्या पिढीने याचा विचार करावा. मात्र स्वतःच्या प्रश्नावर संशोधन करायचं असेल तर ही जागा नव्हे. तिथे प्रश्न ग्रंथ विचारतात.

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचं ग्रॅज्युएट सेंटर, मॅनहॅटनमध्ये फिफ्थ अॅव्हेन्यूवर. सरकारी विद्यापीठ, ३० क्रेडिट, भरपूर उपशाखांतून निवड आणि शेवटी प्रबंध किंवा प्रकल्प. ज्यांचा प्रश्न आधीच टोकदार झालाय त्यांना हे मानवतं. डार्टमथला सर्जनशील लेखनाची वेगळी वाट आहे, कथा-कादंबरीची खुमखुमी असणाऱ्यांनी तिकडे बघावं, पण त्यासाठी न्यू हॅम्पशायरच्या थंडीत राहायची तयारी हवी.

हार्वर्ड एक्स्टेन्शन स्कूलची रीतच उलटी आहे. तिथे आधी ठरलेले कोर्स करून किमान ‘बी’ मिळवायचा, मग प्रवेश. जुने मार्क कमी असतील आणि आता अभ्यास जमेल असा विश्वास असेल तर ही रीत प्रामाणिक आहे.

कुठेही अर्ज करण्याआधी दोन गोष्टी विचारा. एक, विद्यापीठाला प्रादेशिक मान्यता आहे का. दुसरी कोणी विचारत नाही: या वर्षी नवे विद्यार्थी घेताय ना, आणि अभ्यासक्रम बंद झाला तर आम्हाला पदवीपर्यंत नेण्याची लेखी व्यवस्था आहे का? गेल्या काही वर्षांत मानव्यविद्यांचे असे कित्येक छोटे अभ्यासक्रम गुंडाळले गेले आहेत. तुम्ही एका सत्रात एक कोर्स करून चार-पाच वर्षं काढणार, तेवढा काळ दुकान उघडं राहायला हवं.

व्हिसाचं काय

एच-४ वर, म्हणजे नोकरीवाल्या जोडीदाराच्या व्हिसावर असाल तर वेगळा विद्यार्थी व्हिसा न घेता शिकता येतं, पूर्णवेळसुद्धा. स्वतः एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकता येतं. भेटीच्या बी-२ व्हिसावर, म्हणजे नातवंडं बघायला आलेल्या आईवडिलांना, पदवीचा अभ्यास करता येत नाही. भारतातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर यायचं असेल तर पूर्णवेळ अभ्यासक्रमच लागतो. संध्याकाळचा अर्धवेळ कार्यक्रम त्यासाठी लागणारा आय-२० हा विद्यापीठाचा फॉर्म देऊ शकत नाही.

साताऱ्यात किंवा पणजीत बसून ऑनलाइन करणाऱ्याला व्हिसाची गरजच नाही. फक्त घड्याळ बघून घ्या. पूर्व किनाऱ्यावरचा संध्याकाळी सातचा वर्ग म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच. काकडआरतीची सवय असेल तर जमेल.

अर्जाआधी एक कोर्स

बऱ्याच ठिकाणी पदवीला नाव न घालता एखादा कोर्स करता येतो आणि प्रवेश मिळाल्यावर त्याची क्रेडिट धरली जातात. किती धरतात ते आधी लेखी विचारून घ्या. माझ्या मते चाळिशीच्या पुढच्या प्रत्येकाने हे करावं. वीस वर्षांनी पहिला निबंध लिहिताना जी बोटं अडतात ती प्रवेशानंतर अडण्यापेक्षा आधी अडलेली बरी. शिवाय त्या कोर्सचा प्राध्यापक तुम्हाला शिफारसपत्र देऊ शकतो आणि तुमचा निबंध लेखननमुना म्हणून चालतो. एका दगडात तीन पक्षी.

स्टेटमेंट ऑफ पर्पज

काय शिकायचंय आणि का, हे सांगणारा हा अर्जातला निबंध. साधारण दोन पानं. मर्यादा विद्यापीठ सांगतं, ती एका शब्दाने ओलांडू नका.

आपल्या मंडळींची पहिली खरडप्रत बहुतेक अशी असते (मूळ इंग्रजीत, इथे मराठीतून देते): “लहानपणापासून मला वाचनाची अतोनात आवड आहे. परिस्थितीमुळे मला वाणिज्य शाखेकडे जावं लागलं. आपल्या नामांकित विद्यापीठात शिकण्याची संधी मिळाल्यास मी स्वतःला भाग्यवान समजेन.” हे माझंच आहे. यात माझं काहीच नाही. वाचनाची आवड सगळ्यांनाच असते, परिस्थितीची तक्रार कोणालाच ऐकायची नसते, आणि नामांकित विद्यापीठाला आपण नामांकित आहोत हे माहीत असतं.

शेवटची प्रत अशी सुरू झाली: “मी रोज कर्जाच्या नोंदी तपासते. नोंद चुकली तर मी ती दुरुस्त करते, पण नोंद बरोबर असून अन्याय झाला असेल तर माझ्या पडद्यावर त्यासाठी रकाना नाही.” त्यानंतर सुपे, मग २०१०, मग मला कोणत्या विद्याशाखांची हत्यारं हवीत ते.

या मजकुरात चार गोष्टी यायलाच हव्यात, कोणत्याही क्रमाने: प्रश्न, तो तुमच्या आयुष्यातून कसा आला, तो एका विषयात का मावत नाही, आणि याच विद्यापीठात का. शेवटच्यासाठी तिथले दोन-तीन कोर्स किंवा प्राध्यापकांचं काम खरोखर वाचून त्यांचा उल्लेख करा. नुसती नावं टाकली की लगेच ओळखू येतं. आणि वेळ कुठून काढणार तेही एका वाक्यात सांगा. नोकरदार विद्यार्थी मध्येच सोडून जातील ही त्यांची खरी चिंता असते. “मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी मी मोकळी आहे, कामाच्या वेळा तशा बदलून घेतल्या आहेत,” हे वाक्य दहा विशेषणांपेक्षा भारी पडतं.

एटीकेटी, गॅप, अर्धवट सोडलेला कोर्स असेल तर दोन ओळीत सांगून मोकळं व्हा. त्या वर्षी वडील आजारी होते, एवढंच मी लिहिलं. रडगाणं नको, लपवाछपवी तर नकोच, कारण ट्रान्सस्क्रिप्टवर सगळं दिसतं.

मसुदा आधी मराठीत लिहा, असं मी सांगेन. माझ्या इंग्रजी मसुद्यात मी ऑफिसातली बाई होते, मराठीत मी मी होते. मराठीत विचार लागला की मग इंग्रजीत नव्याने लिहा, ओळीला ओळ भाषांतर करू नका. आणि चॅटजीपीटीसारख्या साधनांबद्दल विद्यापीठाचा नियम वाचून घ्या, काही ठिकाणी प्रतिज्ञापत्र भरावं लागतं.

लेखननमुना

आठ-दहा पानांचा एखादा निबंध. ऑफिसचा रिपोर्ट, पॉवरपॉइंट, महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकातला ललित लेख, यांतलं काही चालत नाही. जुना निबंध कुठून आणणार? नवा लिहा. एकच छोटा मजकूर घ्या आणि तो बारकाईने वाचा. मी सुप्यापासून पसरलेल्या दख्खनच्या दंग्यांवरच्या सरकारी आयोगाच्या अहवालातली काही पानं घेतली. त्यात सावकार, रयत आणि इंग्रज अधिकारी यांच्या तोंडी ‘कागद’ हा शब्द कसा येतो एवढंच पाहिलं. सगळा इतिहास सांगायच्या मोहात पडू नका. संदर्भ एकाच ठरलेल्या पद्धतीने द्या, एम.एल.ए. किंवा शिकागो. मराठी किंवा संस्कृत अवतरण स्वतः भाषांतर करून वापरलंत तर तसं लिहा. तुमच्या वर्गात ते फक्त तुम्हालाच येणार आहे आणि समितीला त्याचं मोल कळतं.

शिफारसपत्रं

दोन, क्वचित तीन. कॉलेजातल्या सरांना शोधत बसू नका, त्यांनी तुम्हाला ओळखलं तरी ते काय लिहिणार? ज्याने तुमचं लिखाण वाचलंय किंवा तुम्हाला एखाद्या गुंतागुंतीच्या गोष्टीवर वाद घालताना पाहिलंय असा माणूस हवा. साहेब चालतात, पण “वेळेवर येतात, मनमिळाऊ आहेत” यापलीकडे ते जाणार असतील तरच. माझं एक पत्र आधी केलेल्या कोर्सच्या प्राध्यापिकेचं होतं, दुसरं आमच्या कायदा विभागातल्या सहकारी वकिलाचं. नातेवाईक नकोत, कितीही मोठ्या हुद्द्यावर असले तरी. सहा आठवडे आधी विचारा आणि सोबत तुमचं स्टेटमेंट, लेखननमुना आणि शेवटची तारीख द्या. दोन आठवडे उरले की आठवण करायला लाजू नका. पत्र वाचण्याचा हक्क सोडलाय का असा एक चौकोन अर्जात असतो, तिथे ‘हो’ म्हणा. न वाचलेल्या पत्रावर समिती जास्त विश्वास ठेवते.

मुलाखत सगळीकडे नसते. असली तर ती गप्पांसारखी असते, आणि “सध्या काय वाचताय?” हे हमखास विचारतात. खरं उत्तर द्या.

पैसे

ट्यूशन एका क्रेडिटला किती ते बघा, ३० ने किंवा जितकी क्रेडिट लागतील तितक्यांनी गुणा, दर सत्राची फी वेगळी मिळवा. खाजगी आणि सरकारी विद्यापीठातला फरक कित्येक पटींचा निघतो. सरकारी ठिकाणी राज्यातल्या रहिवाशांचा दर कमी असतो. एच-४ किंवा एच-१बी वर तो मिळतो का हे राज्याराज्यावर आहे, विचारूनच घ्या.

आता हिशेबनिसाचा सल्ला. तुमची कंपनी शिक्षणासाठी मदत देते का ते एच.आर.ला विचारा. वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या अशा मदतीवर तुम्हाला करमाफी असते, आणि तो विषय तुमच्या कामाशी जुळलाच पाहिजे अशी कायद्याची अट नाही. कंपनीची स्वतःची अट असू शकते. ही मर्यादा कॅलेंडर वर्षाची आहे, शैक्षणिक वर्षाची नाही. म्हणून दोन कोर्स एकाच वर्षात कोंबण्यापेक्षा एक डिसेंबरच्या अलीकडे आणि एक जानेवारीच्या पलीकडे पडेल असं बघा. मी पाच वर्षं असं केलं आणि खिशातून फार थोडं गेलं.

लाइफटाइम लर्निंग क्रेडिट म्हणून करात २,००० डॉलरपर्यंत सूट मिळते, खर्चाच्या पहिल्या १०,००० डॉलरवर २० टक्के. पण पतीपत्नीचं मिळून समायोजित उत्पन्न १,६०,००० डॉलरच्या पुढे गेलं की ती आटू लागते आणि १,८०,००० ला संपते, त्यामुळे दोघंही आयटीत असणाऱ्यांनी तो नाद सोडावा. कंपनीने दिलेल्या रकमेवर ही सूट दुसऱ्यांदा घेता येत नाही. सरकारी शैक्षणिक कर्ज नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांना मिळतं, त्यासाठी किमान अर्धवेळ नोंदणी लागते. एका सत्राला एकच कोर्स घेतलात तर बहुतेक ठिकाणी तुम्ही अर्धवेळही ठरत नाही, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं. आणि अर्जाची फी भरायच्या आधी त्यांच्या माहितीसत्राला हजर राहा, काही ठिकाणी तेवढ्यावर ती माफ होते.

उलट्या बाजूने कॅलेंडर

समजा सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू व्हावेत असं वाटतंय. अर्जाची मुदत बहुधा वसंतात असते, काही ठिकाणी वर्षभर अर्ज घेतात. मग आदल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ट्रान्सस्क्रिप्ट आणि मूल्यांकनाचं काम सुरू करा आणि त्याच सत्रात एक कोर्स घ्या. ऑक्टोबरपर्यंत प्रश्नाची वही. नोव्हेंबरमध्ये माहितीसत्रं, डिसेंबरच्या सुट्टीत लेखननमुना. दिवाळीत काही होणार नाही, ते गृहीत धरा. जानेवारीत शिफारसी मागा आणि स्टेटमेंटची पहिली प्रत फाडून दुसरी लिहा. फेब्रुवारीत जमा करा, शेवटच्या रात्री नव्हे, कारण त्या रात्री संकेतस्थळं रुसतात.

प्रवेशाचं पत्र आलं तरी ते बऱ्याचदा सशर्त असतं: अधिकृत ट्रान्सस्क्रिप्ट थेट विद्यापीठाकडे पोचल्याशिवाय दुसऱ्या सत्राची नोंदणी अडकते. मूल्यांकन संस्थेकडे गेलेलं पाकीट तिथेच राहतं, ते तुमच्या नव्या विद्यापीठाला मिळालं असं धरू नका. म्हणून परीक्षा विभागात अर्ज करतानाच तीन बंद पाकिटं मागा. एक मूल्यांकनाला, एक विद्यापीठाला, एक जादा. जादाचं पाकीट आईच्या कपाटात ठेवायचं, आणि भावाला बजावून सांगायचं की फोडू नकोस.